चुकांची तालीम

अण्णा सोमवारी परत येणार हे कळलं तेव्हा लाँड्रीत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण गेल्या सोळा दिवसांत एकही चूक झाली नव्हती.

चूक झाली असती तर सांगायला सोपं गेलं असतं. अण्णा रागावले असते, दोन दिवस कुणाशी बोलले नसते आणि तिसऱ्या दिवशी आपल्या उंच स्टुलावर बसून पुन्हा कामाला लागले असते. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते गेले, दोन्ही डोळे एकापाठोपाठ झाले, डॉक्टरांनी वाफ आणि धूळ टाळायला सांगितली म्हणून पुढचे दिवस आत्याकडे राहिले, आणि तेवढ्यात त्यांची लाँड्री सुतासारखी सरळ चालू लागली. हे त्यांना कोण सांगणार?

आत्याकडे गेल्यापासून ते रोज सकाळी फोन करत आणि पहिला प्रश्न विचारत, "आज काय बिघडलं?" थोरला काउंटरवरून अभिमानाने सांगे की काही नाही, सगळं ठीक आहे. पहिल्या दिवशी अण्णा "वा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी "असं?" म्हणाले. चौथ्या दिवसापासून त्यांनी विचारणंच सोडलं. हे फक्त मधल्या सुनेच्या लक्षात आलं, आणि हे सगळं तिच्यामुळेच झालं होतं.

तिला घरात टाचणी म्हणत. आलेल्या प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचायचं काम तिचं, आणि बोलणंही तसंच. टोचायचं, पण जागच्या जागी टोचायचं. नाव अण्णांनीच ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचं.

लाँड्रीची रीत अशी होती. थोरला आणि त्याची बायको काउंटरवर कपडे घेत. टाचणी मागच्या लांब टेबलावर ते निवडून चिठ्ठ्या लावी. तिचा नवरा, म्हणजे मधला, मशीनवर धुलाई बघे. इस्त्रीवाले काका इस्त्री करत. अण्णांची धाकटी लेक गाडी चालवून माल पोहोचवी. आणि या सगळ्यानंतर, गाडीच्या आधी, मागच्या दारापाशी अण्णा बसत. प्रत्येक गठ्ठा त्यांच्यापुढे सुटायचा, एकेक कपडा दिव्याखाली धरला जायचा, चिठ्ठीवर 'तपासले' असा गोल शिक्का बसायचा, मगच गठ्ठा पुन्हा बांधला जायचा. अकराला तयार झालेला माल संध्याकाळी सहापर्यंत त्या स्टुलाशी रांग लावून बसलेला असे. हॉटेलचे फोनवर फोन येत. थोरला त्यांना गोड बोलून गप्प करी. आणि आत, एखादी कॉलर नीट निघाली नाही की मशीनवरून आवाज यायचा, "राहू दे, अण्णा बघतील." इस्त्रीला घडी चुकली, अण्णा बघतील. काउंटरवर चिठ्ठी घाईत लिहिली, अण्णा बघतील. सगळे निर्धास्त होते. फक्त अण्णा दमत होते.

ते गेले त्याच सकाळी तिन्ही भावंडांत जुंपली, की शिक्का आता कुणाकडे. थोरल्याचं म्हणणं, मी मोठा. मधल्याचं म्हणणं, कपड्यातलं मला कळतं. धाकटी म्हणाली की माल शेवटी गाडीत मी ठेवते, तर शिक्का माझ्याच हातात हवा. मागच्या वर्षी गाडी कुणाच्या नावावर घ्यायची यावरून जे रामायण झालं होतं त्याचीच पुढची पानं उलटली जाणार असं दिसलं, तेव्हा टाचणीने शांतपणे शिक्का उचलला, रुमालात गुंडाळला, बटणांच्या डब्यात तळाशी घातला आणि पाच मिनिटांनी सगळ्यांबरोबर स्वतःही तो शोधू लागली.

"अण्णांनीच बरोबर नेला असेल," ती शेवटी म्हणाली.

ते सगळ्यांना लगेच पटलं. अण्णा तसे होतेच.

मग तिने दुसरी गोष्ट केली. दोऱ्यांची रिळं आणली. मशीनवाल्याला निळं, काकांना लाल, स्वतःला हिरवं, धाकटीला पिवळं, काउंटरला पांढरं. शिक्का मिळेपर्यंत आपापलं काम झालं की चिठ्ठीला आपला दोरा बांधायचा, आणि तक्रार आली तर ती ज्याच्या दोऱ्याची त्याच्याकडेच जाईल, मधे कुणी नाही. गठ्ठा जो बांधेल त्याने तो एकदा बघून आपला दोरा शेवटी गाठीवरही बांधायचा. एवढंच. पहिल्या दिवशी मधल्याने एक शर्ट तीनदा धुतला. त्याच्या बायकोने त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच एखादा कपडा उजेडात धरून बघताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी माल बाराला हॉटेलवर पोहोचला.

तर आता सोमवार. लाँड्रीचा सुट्टीचा वार. धाकटी गाडी घेऊन अण्णांना आणायला निघायच्या बेतात होती आणि बाकीचे निवडीच्या टेबलाभोवती उभे होते.

"त्यांना तीन-चार चुका लागतील," टाचणी म्हणाली. "फार मोठ्या नकोत. पण अगदीच किरकोळही नकोत."

थोरल्याला आधी कळेना. कळल्यावर तो म्हणाला की हे वडिलांशी खोटं बोलणं झालं. टाचणीने विचारलं की मग खरं सांगणार का, की तुमच्यावाचून दुकान छान चाललं? त्यावर थोरल्याने मान खाली घातली आणि आपल्याला कोणती चूक मिळेल ते विचारलं.

वाटणी सुरू झाली. थोरल्याने एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा कोट दिला, असं ठरलं. मधल्याच्या मशीनमध्ये लाल मोजा राहिला आणि हॉटेलचे उशांचे अभ्रे गुलाबी झाले. धाकटीने दवाखान्याचे डगले हॉटेलवर आणि हॉटेलचे टेबलक्लॉथ दवाखान्यात टाकले. ती लगेच म्हणाली की माझीच चूक सगळ्यांत बावळट का, मला अक्षरं वाचता येत नाहीत असं दिसतं यात. मधला म्हणाला, अभ्रे बदलून घे हवे तर. तिला तेही नको होतं.

मग थोरली जाऊ, जी इतका वेळ हाताची घडी घालून ऐकत होती, ती म्हणाली, "आणि मला?"

"तुम्हाला कशाला ताई," टाचणी म्हणाली, "तुमचं कधी चुकत नाही."

"म्हणजे मी इथे काही कामच करत नाही, असं अण्णांना वाटू दे. छान."

तिला समजावण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी एका वधूच्या झग्याची तारीख चुकीची लिहिण्याची चूक तिला देण्यात आली. ती इतकी खूश झाली की झगा कसला, वधू किती रडली, तिची आई काय बोलली, हे सगळं तिने तिथल्या तिथे रचलं. टाचणीने तिला वधू जरा कमी रडव असं सांगितलं. इस्त्रीवाल्या काकांना या कटात घ्यायचं राहून गेलं, कारण सुट्टीच्या दिवशी ते येतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

अण्णा आले ते काळा चष्मा लावून. सगळे वाकले, त्यांनी सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि थेट जाऊन आपल्या स्टुलावर बसले. चहा झाला. आत्याच्या घरच्या डासांबद्दल बोलून झालं. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "बरं. काय बिघडलं?"

थोरल्याने खाकरून कोटाची गोष्ट सांगितली. अण्णांच्या कपाळावरची आठी बघता बघता सैल झाली. मधल्याने अभ्रे गुलाबी केले, तेव्हा ते स्टुलावर ताठ बसले. "मोजे वेगळे काढायचे असतात हे तुला बारा वर्षांचा असताना शिकवलंय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जो जोर आला तो ऐकून टाचणीला बरं वाटलं. वधूच्या गोष्टीला तर त्यांनी मांडीवर थाप मारली. टाचणी कोपऱ्यात उभी राहून मनात म्हणत होती, झालं, आता इथेच थांबा.

पण थोरला थांबणाऱ्यांतला नव्हता. वडिलांचा चेहरा खुललेला पाहून त्याला आणखी द्यावंसं वाटलं. तो म्हणाला की डगल्यांची अदलाबदल झाली त्यात बिचाऱ्या धाकटीचा दोष नव्हता, गठ्ठेच नीट बांधलेले नव्हते.

"गठ्ठे मी बांधले होते," मधला म्हणाला.

"तेच म्हणतोय."

"नीट बांधले होते. तुझ्या चिठ्ठीवरचं अक्षर कुणाला लागत नाही. औषधवाल्यालासुद्धा लागणार नाही."

"चिठ्ठीचा काय संबंध?" धाकटी म्हणाली. "मी चिठ्ठी वाचल्याशिवाय गठ्ठा गाडीत ठेवतच नाही."

"मग डगले हॉटेलवर कसे गेले?" थोरल्याने विचारलं, आणि हे त्याने इतक्या मनापासून विचारलं की टाचणीच्या अंगावर काटा आला.

झालं ते असं की जे डगले कधी कुठे गेलेच नव्हते त्यांच्यावरून तिघं खरोखर भांडू लागले. धाकटी म्हणाली की गाडी चालवते म्हणून मला सगळे हमाल समजतात. मधला म्हणाला की गेल्या वर्षी गाडी कुणी अडवली होती ते सगळ्यांना माहीत आहे. थोरली नवऱ्याच्या मदतीला धावली आणि म्हणाली की नुसते अभ्रेच नाहीत, बारा चादरीही गुलाबी झाल्या होत्या, आम्ही लपवल्या म्हणून. मधला पांढरा पडला. खोट्या का होईना, बारा चादरी म्हणजे फार झाल्या. टाचणीने त्याच्या दंडाला चिमटा काढला, तर तो तिच्यावरच उखडला, की तू मधे पडू नकोस, यांना एकदा उत्तर मिळालंच पाहिजे.

अशा वेळी मागच्या दाराने इस्त्रीवाले काका आले. अण्णा आले असं कळलं म्हणून धुतलेला सदरा घालून भेटायला आले होते. त्यांनी दारातच थोडं ऐकलं.

"कुठल्या गुलाबी चादरी?" ते म्हणाले. "माझ्या हाताखालून तर एकही गेली नाही."

थोरली जाऊ चहाचे कप गोळा करू लागली.

"आणि डगले दवाखान्यातच गेले की. मीच चढवले गाडीत, धाकटीबरोबर." काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. आपण काहीतरी भलतंच बोललो हे त्यांना कळलं, पण काय ते कळेना. ते बसायला जागा शोधू लागले.

अण्णा स्टुलावरून उतरले. भिंतीजवळच्या फोनपाशी गेले आणि न बघता नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता. "हॉटेलची माफी मागतो," ते म्हणाले. "चादरी रंगवल्या म्हणजे मागायलाच हवी."

थोरला एक पाऊल पुढे झाला, पण फोन लागला होता. अण्णांनी नाव सांगितलं, तब्येत बरी आहे म्हणाले, मग बराच वेळ नुसते "हो" आणि "बरं" म्हणत राहिले. काळ्या चष्म्यामुळे चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. शेवटी भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी फोन ठेवला.

"मॅनेजर म्हणतायत, एकही चादर रंगली नाही. माल रोज बाराला येतो. पूर्वी सहाला यायचा." ते थांबले. "विचारत होते, तुमच्याकडे नवीन कोण आलंय."

ते मागच्या बाजूला गेले, जिथे इस्त्री झालेले कपडे लांब दांडीवर टांगलेले असतात. पडदा त्यांच्यामागे हलला आणि स्थिर झाला.

एका क्षणात तिन्ही भावंडांचं एकमत झालं. वर्षभरात पहिल्यांदा. "तू जा," थोरला टाचणीला म्हणाला. "तुझीच कल्पना होती," धाकटी म्हणाली. तिच्या नवऱ्याने तर मान इतक्या जोरात हलवली की तिने त्याला मनातल्या मनात एक नाव ठेवलं. थोरली जाऊ म्हणाली की मी आधीपासून म्हणत होते, हे बरोबर नाही.

टाचणी आत गेली.

अण्णांनी चष्मा काढला होता. डोळे लालसर होते. त्यांनी दांडीवरचा एक डॉक्टरी डगला दोन्ही हातांनी धरला होता आणि ते त्याच्याकडे बघत होते.

"हे आधीपासून इतके पांढरे असायचे का गं?"

"हो, अण्णा."

"मला पिवळट दिसायचे. मला वाटायचं मधल्याची धुलाई उतरली. रोज बोलायचो त्याला." त्यांनी डगला सोडला. "दोन वर्षं मला धड दिसत नव्हतं. तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "मला माहीत होतं. बाकीच्यांना अंदाज असेल."

"मग मी शिक्के कशावर मारत होतो?"

"तुमच्याकडे यायच्या आधी गठ्ठा मी बघून ठेवायचे. जमेल तेवढा."

"म्हणजे तू बघायचीस, पुन्हा बांधायचीस, मी सोडायचो, न दिसता बघायचो आणि पुन्हा बांधायचो." ते हसले नाहीत. "आणि हॉटेलवाला सहापर्यंत वाट बघायचा. शिक्का कुठाय?"

"बटणांच्या डब्यात. मीच लपवला होता. त्याच्या जागी हे दोरे आहेत, ज्याचं काम त्याचा रंग."

आता मात्र त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. ते इस्त्रीच्या टेबलाच्या कडेवर टेकले. बाहेर भांडण पुन्हा हळू आवाजात सुरू झालं होतं, बहुतेक कुणी कुणाला आत पाठवायला हवं होतं यावरून.

"त्या मॅनेजरला मी काय सांगितलं असेल?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"सांगितलं, सून आहे. पूर्वीपासूनच आहे." त्यांनी डोळे रुमालाने टिपले, डॉक्टरांनी चोळू नका म्हणून सांगितलं होतं. "पण मी आता काय करायचं, ते सांग. काउंटरवर बसून लोकांचे नमस्कार घेऊ? आत्याकडे परत जाऊ? तिथे डास आहेत."

 सोळा दिवस तिने दोऱ्यांचा विचार केला होता, चुकांचा केला होता, याचा नव्हता. त्यांना गंडवणं सोपं वाटलं होतं. त्यांच्यापुढे असं रिकाम्या हाताने उभं राहणं तिला फार जड गेलं.

"मला माहीत नाही, अण्णा," ती म्हणाली. "पण सगळं तुमच्यापाशी थांबवू नका. एवढंच मागते. तुम्ही बघणार म्हटलं की कुणीच बघत नाही."

त्यांनी रुमालाची नीट घडी केली. मग उठले, चष्मा लावला आणि पडदा बाजूला सारून बाहेर गेले. तीही मागोमाग गेली.

"उद्यापासून," अण्णा म्हणाले, "दोरे आहेत तसे राहतील. माल बाराला जाईल. मी दिवसाला एकच गठ्ठा सोडून बघणार."

सगळ्यांनी श्वास सोडला. थोरल्याने नम्रपणे विचारलं की कोणता, हॉटेलचा की दवाखान्याचा, म्हणजे तो बाजूला काढून ठेवता येईल.

"ते मी सांगणार नाही," अण्णा म्हणाले. "कधी बघणार तेही नाही."

सोडलेला श्वास सगळ्यांनी परत घेतला.

मंगळवारी सकाळी लाँड्रीत जे काम झालं तसं त्या सोळा दिवसांतही झालं नव्हतं. मधल्याने अभ्रे उजेडात धरले, उलटे करून धरले, कडा चाचपल्या. काकांनी एक बाही चार वेळा दाबली. थोरला चिठ्ठीवर शाळकरी अक्षर काढत होता, जीभ किंचित बाहेर काढून. अण्णा चहाचा कप हातात घेऊन सगळीकडे फिरत होते. एखाद्या गठ्ठ्याशी थांबत, त्याच्यावर हात ठेवत, ज्याच्या दोऱ्याचा गठ्ठा त्याचा चेहरा बघत, आणि पुढे जात. दहा वाजता ते मशीनपाशी एका गठ्ठ्यावर चक्क बसले. मधला घामाघूम झाला. पाच मिनिटांनी ते उठून गेले. इतके आनंदी ते कित्येक वर्षांत दिसले नव्हते, आणि टाचणीला पहिल्यांदाच शंका आली, की आपण कुणाची सोय करायला गेलो आणि कुणाच्या हातात काय दिलं.

साडेअकराला गाडी भरून झाली. धाकटीने दार लावायला हात घातला, तेव्हा अण्णा मागून आले, म्हणाले थांब, आणि स्वतः गाडीत चढले. वरचे पाच गठ्ठे त्यांनी बाजूला केले. तळातला सहावा ओढून काढला. त्याच्या चिठ्ठीवर पाच रंग होते, आणि गाठीवरचा शेवटचा दोरा होता हिरवा.

टाचणीचा.

बातमी मशीनपर्यंत जायला वेळ लागला नाही. सगळे मागच्या दारात जमा झाले, चेहऱ्यावर असा कळवळा, की आपण बरं वाटून घेतोय हे कुणाला दिसू नये. अण्णांनी तिथेच, गाडीच्या उजेडात, गठ्ठा सोडला. पहिला डगला ठीक. दुसरा, तिसरा ठीक. चौथा त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिला, खिशाच्या आतल्या शिवणीत बोट घातलं आणि डगला तिच्यापुढे धरला.

"टाचणी. हे बघ."

शाईचा डाग होता. मोहरीएवढा, शिवणीच्या आत दडलेला. पेनाची गळती. तो तिने बघायला हवा होता आणि बघितला नव्हता.

नवरा तिच्या कानाशी लागला. "मुद्दाम ठेवलास ना? त्यांच्यासाठी?"

"नाही," ती म्हणाली. तिला कान तापल्यासारखे वाटले.

तो तिच्याकडे कौतुकाने बघत राहिला. त्याला खरं वाटलं नाही. धाकटीलाही वाटलं नाही. ती डोळा मिचकावून गेली. आज कुणालाच खरं वाटणार नव्हतं, आणि रचलेल्या चारही चुकांपेक्षा ही एक खरी चूक तिला कितीतरी जास्त झोंबली.

अण्णांनी डगला तिच्या हातात दिला. काही बोलतील म्हणून ती थांबली, पण त्यांनी घड्याळात पाहिलं, उरलेले डगले पुन्हा बांधले, गठ्ठा आत सारला आणि गाडीच्या दारावर तळहाताने दोनदा थाप मारली.

"बाकीचं जाऊ दे," ते धाकटीला म्हणाले. "बारा वाजत आले. लोक वाट बघतात."